चार पूर्णांक शून्य

"एमेशे, तुमच्या प्रोग्रामनं एक मूल वाचवलं बरं का," कॉफीच्या यंत्राला बुक्की मारत केलेमेन साहेब म्हणाले. यंत्र रोजच्यासारखं नाणं गिळून गप्प बसलं होतं. एमेशेला ते ऐकून आधी बरंच वाटलं, आणि आधी बरं वाटलं हेच तिला पुढे दिवसभर टोचत राहिलं. बालआरोग्य कचेरीत अकरा वर्षं काढली, तिसा नदीकाठच्या या शहरातल्या झाडून सगळ्या तान्ह्या मुलांची वजनं तिनं लिहिलेल्या त्या चार ओळींच्या प्रोग्राममधून दर सोमवारी पहाटे जातात, पण आजवर कुणी त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. प्रिंटरमध्ये कागद अडकला की मात्र सगळ्यांना ती आठवायची. साहेबांनी यंत्रातून शेवटी निघालेला कप तिच्याच हातात दिला आणि गोष्ट सांगितली. रोश्ताश आडनावाची एक पोरगी, वय एकोणीस, रेल्वेपलीकडच्या गरिबांच्या वसाहतीत राहणारी. तिचं अडीच महिन्यांचं बाळ तीन आठवडे एक ग्रॅमनंही वाढलं नाही. प्रोग्रामनं ते पकडलं, कचेरीनं बुधवारी बाळ उचलून इस्पितळात ठेवलं. "आणि ऐका, तिथे दोन दिवसांत जवळजवळ किलोभर वाढलं! म्हणजे घरी उपाशीच ठेवत होती ना? रिकार्डो नाव ठेवलंय म्हणे. नाव राजपुत्राचं आणि पोटात साखरपाणी." दुपारी दोनला बैठक होती. पोराला सांभाळायला दुसऱ्या कुटुंबाकडे द्यायचं का ते आज ठरायचं होतं. एमेशेनं मान डोलावली. दोन दिवसांत किलोभर, हे शब्द तिच्या कानात गेले होते, पण अजून डोक्यात उतरले नव्हते.

ते उतरले दुसऱ्या मजल्यावरच्या लांबलचक बोळात. साहेबांच्या खोलीबाहेरच्या बाकावर एक मुलगी बसली होती. जूनच्या उकाड्यातही तिनं कोट घातलेला, पण बटणं उघडी, आणि आतल्या फिकट निळ्या ब्लाउजवर दोन ओले डाग. एमेशेला वाटलं पाणी सांडलं असेल. मग वास आला. उघड्या खिडकीतून वाटाण्याच्या भाजीचा वास येत होता, कारण तळमजल्यावरच्या खानावळीत शुक्रवारी वाटाणाच असतो. त्या वासाखालून हा दुसरा वास आला, कोमट, गोडसर, जरासा आंबूस. एकदा अंगाला लागला की बाई तो जन्मात विसरत नाही. एमेशे थबकली. मुलीनं वर पाहिलं, कोटाची एक बाजू दुसऱ्या बाजूवर ओढली आणि म्हणाली, "टॉयलेटमध्ये जाऊन पिळून आले. तरी येतंय." जणू एमेशेनं काही विचारलंच होतं. एमेशे काहीतरी पुटपुटली आणि पुढे गेली. पुढे गेली, पण तिच्यातली एक एमेशे मात्र सोळा वर्षं मागे गेली, स्वयंपाकघरातल्या मेणकापडाच्या टेबलाशी. त्या टेबलावर औषधाच्या दुकानातून भाड्यानं आणलेला बाळाचा वजनकाटा होता. तेव्हा सगळ्याच आया आणायच्या, अजूनही आणतात. पाजण्याआधी वजन, पाजल्यावर वजन, मधला फरक म्हणजे आईची लायकी. तिचा तान्हा आबेल काट्याच्या थंड पन्हाळीत हातपाय झाडायचा, आकडे नाचत राहायचे, आणि ती श्वास रोखून ते कधी थांबतील याची वाट पाहायची. बहुतेक वेळा ते वाईट ठिकाणीच थांबायचे. आबेल खरोखरच वाढत नव्हता. दोन आठवडे, मग आणखी काही दिवस. तिला दूधच पुरेसं नव्हतं. घरभेटीची नर्स, योलान मावशी, यायची, काट्याकडे बघायची, आणि म्हणायची, "बाई गं, रडू नकोस, रडलीस की आटतं. हे पोगाचा पाव खा, मी सकाळी भाजलेत. पोर आहे, पोतं नव्हे, वाढेल सावकाश." कुणी आबेलला उचलून नेलं नाही. कुणी तिला बाकावर बसवलं नाही. ही कल्पनाही कधी कुणाच्या मनाला शिवली नाही, आणि आज इतक्या वर्षांनी प्रथमच एमेशेला वाटलं, का नाही शिवली?

आपल्या टेबलाशी येऊन तिनं मंगळवारचा अहवाल उघडला. रोश्ताश रिकार्डो. पहिला आठवडा चार पूर्णांक शून्य शून्य किलो. दुसरा, चार पूर्णांक शून्य शून्य. तिसरा, चार पूर्णांक शून्य शून्य. ती बघत राहिली. ज्या बाईनं भाड्याच्या काट्यासमोर रात्रंदिवस काढलेत तिला हे कुणी सांगायला नको. काटा असं बोलत नाही. काटा कुरकुरतो, लुडबुडतो, पाच ग्रॅम देतो, दहा काढून घेतो, लंगोट ओला असला तर वेगळंच सांगतो. जिवंत पोर तीन आठवडे बरोबर चार किलोवर बसत नाही. चार किलोवर बसतो तो पिठाचा कट्टा. तिनं नोंदींचं मूळ कोठार उघडलं, जिथे योलान मावशीच्या हाताखालच्या नर्सा घरोघर जाऊन केलेली वजनं भरतात. चार पूर्णांक पंधरा. चार पूर्णांक बेचाळीस. चार पूर्णांक एकाहत्तर. गुटगुटीत, सरळ चढत गेलेलं पोर. इस्पितळानं घेतलेलं वजन चार पूर्णांक शहाऐंशी, म्हणजे आहे त्याच चालीनं आणखी थोडं पुढे. किलोभर वाढ कुठली आणि उपास कुठला! एमेशेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या आगीला जायला अजून नेमकी जागा मिळत नव्हती, म्हणून ती आधी स्वतःवरच गेली. प्रोग्राम तिचा होता.

तिनं तो स्वतःच्या यंत्रावर चालवला. चार पूर्णांक पंधरा, बेचाळीस, एकाहत्तर. बरोबर. पुन्हा चालवला. पुन्हा बरोबर. एखादा साक्षीदार आपल्यासमोर शहाण्यासारखा बोलतो आणि कोर्टात उभा राहिला की वेडंवाकडं बरळतो, तसा हा प्रकार. घड्याळात अकरा वाजून गेले होते. पहाटेचं आपोआप चालणारं काम तिनं तपासलं, तेही निर्दोष होतं. मग तिला आठवलं, गेल्या सोमवारी पेंटेकोस्टच्या सणाची सुट्टी होती, आणि लांब सुट्टी आली की वीज वाचवायला शिपाई सगळी यंत्रं बंद करून जातो. म्हणजे सोमवारी पहाटे काहीच चाललं नाही. मंगळवारी कुणीतरी हातानं चालवलं असणार. "ओत्तो," तिनं मान न वळवता विचारलं, "मंगळवारी वजनांचा प्रोग्राम तू लावलास का?"

पलीकडच्या टेबलावर ओत्तो उन्हाळी सुट्टीचे अर्ज लावत होता. पन्नाशीचा, सावकाश माणूस, खिशात कायम सूर्यफुलाच्या बिया. "लावला की. साहेबांना दहापर्यंत अहवाल हवा होता. का, काही उडवलं का मी?"

"तुझं यंत्र मग्यारमध्ये बोलतं ना?"

"मग काय चिनीत बोलू दे? माझं यंत्र आहे, माझ्या भाषेत बोलतं. तुझ्यासारखं इंग्रजीत खडसावून घ्यायची हौस नाही आपल्याला. आमची आई म्हणायची, शिव्या खायच्या तर निदान घरच्या खाव्या."

एमेशे हसली नाही. तिला बुडापेश्तमधला प्रोग्रामिंगचा तो वर्ग आठवला, वीस वर्षांपूर्वीचा, परदेशातून आलेला तो उंच प्रशिक्षक. आपल्याकडे, मग्यारमध्ये, साडेचार लिहायचं तर चार, स्वल्पविराम, पाच, असं पहिलीपासून लिहितात. तिनं फळ्यावर तसंच लिहिलं, आणि तो हसला होता. म्हणाला, स्वल्पविराम वाक्यात घाला बाई, आकड्यात टिंब. सगळा वर्ग हसला, म्हणजे सगळे मग्यारच, शाळेपासून स्वल्पविराम देत आलेले, तेही हसले. त्या संध्याकाळी एमेशेनं आपलं यंत्र इंग्रजीवर नेलं आणि पुन्हा कधी मागे आणलं नाही. तेव्हा तिला ते शहाणपणाचं वाटलं होतं. आज तिला त्या हसण्याचा संताप आला. कारण आता सगळा उलगडा तिच्या डोळ्यांसमोर होता, आणि तो इतका क्षुद्र होता की रडू यावं. नर्सा आपल्या पद्धतीनं स्वल्पविराम देऊन वजन भरतात. तिचा प्रोग्राम त्या स्वल्पविरामाचं टिंब करतो, कारण यंत्राला टिंबच कळतं असं तिला शिकवलेलं. मग आकडा नीट छापायला पुढे देतो. पहाटे, जेव्हा कुणीच माणूस समोर नसतो, तेव्हा यंत्राला कुठलीच भाषा नसते आणि टिंब चालून जातं. तिच्या इंग्रजी यंत्रावरही चालतं. पण ओत्तोच्या यंत्रावर छापणारी ती आज्ञा मग्यार होते, आणि मग्यार माणसासारखी स्वल्पविरामाची वाट बघते. टिंब दिसलं की तिथेच थबकते, पुढचं सगळं टाकून देते आणि उरलेल्या चारपुढे दोन शून्यं लावून अदबीनं हातात ठेवते. आपल्या भाषेत काम करणाऱ्या एकमेव माणसाच्या हातून हे व्हावं! ओत्तोला काय बोल लावायचा? त्यानं फक्त आपल्या देशात राहायचं धाडस केलं होतं.

बरं, यंत्र मुकाट्यानंही चुकलं नव्हतं. हे तिला कळलं तेव्हा ती खुर्चीतून उठूनच उभी राहिली. प्रत्येक आकड्याला यंत्र ओरडलं होतं, हा आकडा मला कळत नाही, हा आकडा मला कळत नाही. पण ते ओरडणं कुणाला ऐकू जाऊ नये अशी सोय त्याच ओळीच्या शेवटी केलेली होती, तिच्याच हातानं. चार वर्षांपूर्वी यंत्राच्या बारीकसारीक तक्रारी साहेबांच्या ईमेलमध्ये जायच्या, आणि ते म्हणाले होते, "त्या डब्याला गप्प बसायला सांगा हो, माझी सकाळ खराब होते." तिनं सांगितलं. पगारी माणसं सांगितलेलं करतात. तेव्हापासून यंत्राच्या सगळ्या तक्रारी अंधाऱ्या खड्ड्यात पडत होत्या आणि साहेबांच्या सकाळी छान जात होत्या.

खात्री करायला ती ओत्तोच्या खुर्चीत बसली आणि त्याच्याच यंत्रावर प्रोग्राम पुन्हा लावला. "वाढ नाही" या शेऱ्याखाली एक नाव येईल असं तिला वाटलं होतं. पडदा नावांनी भरला, वर सरकला, पुन्हा भरला. शहरातलं जवळजवळ प्रत्येक तान्हं पोर तिथे होतं. एकाच किलोच्या घरात तीन आठवडे असलेलं प्रत्येक. जी मधे पुढच्या किलोत गेली ती सुटली होती, वर आठवड्यात पूर्ण किलो वाढल्याची शाबासकीही घेऊन. ओत्तो खांद्यावरून वाकला, बी चावायचा थांबला. "अरे देवा. ही दंतवैद्य सार्कोझीची जुळी ना? परवा बाजारात पाहिली मी, बाबागाडीत मावत नाहीत दोघी." एमेशे पडद्यावरची नावं मोजायला लागली. मंगळवारीही हेच आलं असणार. मंगळवारीही इतकीच नावं आली असणार. मग बाकावर एकच मुलगी का?

तिनं दार न वाजवता साहेबांची खोली उघडली. बाकासमोरून जाताना मुलीकडे पाहायचं तिनं टाळलं. "मंगळवारच्या अहवालात किती मुलं होती साहेब?"

केलेमेन साहेब चेरीच्या सरबतात बर्फ ढवळत होते. "भरपूर होती हो. तुमचा प्रोग्राम कधीकधी वेड्यासारखं करतो, पण आम्ही काय बसलोय कशाला? आम्ही सगळी चाळून काढली."

"कशी चाळलीत?"

"कशी म्हणजे? बघून. माणसं ओळखतो ना आपण. जुळ्यांच्या आईला फोन केला, ती हसायला लागली. उपमहापौरांच्या सुनेचं बाळ, आता ते काय उपाशी असणार? अहो, माझी नात होती त्यात, आमची लिली! मांड्यांवर वळ्या पडल्यात, आणि म्हणे वाढ नाही. मी तो कागद घरी नेऊन बायकोला दाखवला. केवढे हसलो आम्ही."

त्यांचा चेहरा अजूनही हसरा होता. एमेशेला वाटलं, आपण ऐकतोय त्याचा अर्थ यांना स्वतःच्या तोंडून निघतानाही कळत नाही आहे. किंवा कळतोय आणि त्यात वावगं असं काही दिसत नाही. दुसरं जास्त भयंकर होतं. "म्हणजे यंत्र चुकलंय हे तुम्हाला मंगळवारीच माहीत होतं," ती म्हणाली.

"काही नावांच्या बाबतीत."

"तेच यंत्र. तोच कागद. तीच शून्यं. लिलीपुढची शून्यं खोटी आणि रिकार्डोपुढची खरी? रोश्ताशकडे कुणी फोन केला?"

"त्या वसाहतीत फोन करून काय उपयोग? ती काय खरं सांगणार आहे? उगाच आवाज चढवू नका एमेशे. चूक असेल तर दुरुस्त करू. तुम्ही एक छोटं टिपण द्या, तांत्रिक अडचण वगैरे. सोमवारी बाळ परत जाईल, रीतसर. बाकीच्या मुलांचा विषय मात्र काढायचं कारण नाही. त्यांचा यात संबंधच नाही."

सोमवारी. एमेशेच्या डोळ्यांपुढे तो ओला ब्लाउज आला. शनिवार, रविवार, टॉयलेटमधलं ते बेसिन. तिला स्वतःचं मेणकापडाचं टेबल दिसलं, योलान मावशीचे गरम पोगाचा, आणि तिला पहिल्यांदाच कळलं की ते पोगाचा काही तिच्या दुःखाला मिळाले नव्हते. ते तिच्या आडनावाला मिळाले होते, खिडकीतल्या पडद्यांना, नवऱ्याच्या नोकरीला. तिचं पोर खरोखर वाढत नव्हतं आणि ते घरी राहिलं. या मुलीचं वाढत होतं आणि ते गेलं. एका ओळीत यंत्राची भाषा बांधून टाकली की प्रोग्राम पुन्हा चुकणार नाही, ते पाच मिनिटांचं काम होतं. पण या माणसानं सरबत ढवळत जी चाळणी लावली होती, ती कुठल्या ओळीत होती? तिला चीड आली, साधी, उघडी, अंग पेटवणारी चीड, आणि ती आल्याचं तिला बरं वाटलं. सकाळी कौतुक ऐकून वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी बरं.

ती खाली जेवायला गेली नाही. दोन वाजता पालकत्व विभागाच्या बोद्नार बाई आल्या, घामेजलेल्या, हातात पंखा, आणि खुर्चीत बसता बसता म्हणाल्या, "लवकर आटपू या, माझी चारची बस आहे." मुलीला बाहेरच बसवलं होतं. आईनं बाहेर बसायचं आणि बोलावल्यावर आत यायचं, अशी इथली पद्धत. साहेबांनी घसा खाकरला आणि तांत्रिक अडचण हे शब्द दोनदा उच्चारले. तिसऱ्यांदा उच्चारायच्या आत एमेशे उभी राहिली. तिनं सगळं सांगितलं. स्वल्पविराम, टिंब, सुट्टी, शून्यं. बोद्नार बाईंना त्यातलं निम्मं कळलं नसावं. मग तिनं कळेल असं सांगितलं. "मंगळवारी या कागदावर शहरातली जवळजवळ सगळी पोरं उपाशी होती. साहेबांची नातसुद्धा. सगळ्यांना चूक कळली. सगळ्यांना घरी ठेवलं. एकाच पोराच्या बाबतीत ती चूक कुणालाच कळली नाही." पंखा थांबला. साहेबांचा चेहरा हळूहळू तांबडा झाला. बोद्नार बाईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग आपल्या नखांकडे, आणि म्हणाल्या, "इस्पितळाला मी आत्ता फोन करते. संध्याकाळच्या आत बाळ आईकडे. पण हे बाकीचं," त्यांनी आवाज उतरवला, "हे इथेच राहू दे, बरं का. सगळ्यांच्याच सोयीचं."

बाहेर आल्यावर एमेशेनंच मुलीला सांगितलं. आज संध्याकाळी. चूक झाली होती, त्यांची, तिची नव्हे. बाळाचं वजन अगदी ठीक होतं, पहिल्यापासून. मुलगी रडेल, हसेल, निदान उठून उभी तरी राहील असं तिला वाटलं. मेलानी, मुलीचं नाव मेलानी होतं, नुसती बसून राहिली. मग तिनं विचारलं, "मग माझं दूध चांगलं होतं?"

"चांगलं होतं."

"मी पाजत होते ना, मला माहीत होतं. पोट भरून झोपायचा. पण काल मला वाटलं, नसेल. मशीन सांगतंय म्हणजे नसेल. मशीनला माझ्याशी कसलं वैर?" ती कोटाची बटणं लावायला लागली, खालून वर, एक चुकलं, पुन्हा काढून लावलं. "आईसुद्धा म्हणाली, असेल बाई, तुझं दूध पाणीच असेल. मी काल रात्री ते चाखून बघितलं."

एमेशेला बोद्नार बाईंचा उतरलेला आवाज आठवला. मग तिनं बाकीचंही सांगितलं. जुळी, उपमहापौरांची सून, लिली. त्या सगळ्यांपुढेही हीच शून्यं होती, हेही, आणि ती सगळी घरीच राहिली हेही.

मेलानीनं मान वर केली. आता तिच्या डोळ्यांत जे आलं ते पाणी नव्हतं. "हे तुम्ही आत बोललात?"

"बोलले."

"दार बंद करून?"

एमेशेनं बंद दाराकडे पाहिलं. दाराआडून साहेबांचं हसणं ऐकू येत होतं, बोद्नार बाईंच्या बसविषयी काहीतरी.

मेलानी उठली. एमेशेपेक्षा ती चांगली हातभर बुटकी होती. "मग परत एकदा बोला," ती म्हणाली. "मी आत असताना. आणि दार उघडं ठेवा, हे बोळातले पण ऐकू देत."

एमेशेनं दाराच्या मुठीवर हात ठेवला, आणि दार भिंतीला जाऊन आपटेल इतक्या जोरानं उघडलं.